कमरेचं झटका मशीन

मानोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला विजेच्या झटक्याचे फायदे बाहेरच्या माणसाने येऊन सांगण्याची गरज नाही. सोयाबीन दाण्यावर आलं, हरभऱ्याला घाटे धरले, की रानडुकरांचे कळप आणि रोह्यांच्या झुंडी रात्री शेतात पंगतीला बसतात. म्हणून धुऱ्यावर बारीक तार ओढलेली असते. तार एका डब्याला, डबा बॅटरीला आणि बॅटरी सोलरच्या पाटीला जोडलेली. या डब्याला अख्ख्या वऱ्हाडात झटका मशीन म्हणतात. सेकंदाला एक याप्रमाणे तो रात्रभर टक टक करतो आणि दर टक्‌सरशी तारेतून काही हजार व्होल्टचा ठोका जातो. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. डुकराचं ओलं नाक तारेला लागतं, डुक्कर किंचाळतं, मागे वळतं आणि शेजाऱ्याच्या शेताकडे निघतं. ते मरत नाही, त्याला इजाही होत नाही, फक्त आत येत नाही. हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे तोच गृहस्थ कंबर धरून तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीवाल्याकडे जातो आणि "थोडा करंट लावू" हे शब्द कानावर पडताच खाटेवरून उठून बसतो. "मले कायचा करंट लावता बापा?" भीती एकवेळ समजू शकते. पण भीती गेल्यावर तो जी तक्रार करतो ती मात्र अन्यायाची आहे. धुऱ्यावरच्या मशीनला तो एवढंच विचारतो की रात्री डुक्कर बाहेर राहिलं का. कमरेवरच्या मशीनला विचारतो की डुक्कर कायमचं मेलं का. दोन्ही यंत्रं एकाच जातीची, तर दोघांना मापही एकच लावावं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. बाकीचा मजकूर वकिली आहे.

या यंत्राचं पूर्ण नाव ट्रान्सक्युटेनिअस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. नाव त्याच्या वायरीपेक्षा लांब असल्यामुळे डॉक्टर मंडळी टेन्स म्हणतात आणि पेशंट मंडळी "मशीन लावली" किंवा "करंट घेतला" म्हणतात. हातात मावेल असा डबा, त्यातून निघालेल्या दोन वायरी, प्रत्येक वायरीला दोन शेपट्या आणि प्रत्येक शेपटीला एक चिकट गादी. दुखऱ्या जागेच्या दोन्ही अंगांना गाद्या चिकटवायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. आधी काहीच होत नाही, मग मुंग्या येतात, मग मुंग्यांचं वारूळ होतं. आणखी फिरवलं तर खालचा स्नायू आपल्याला न विचारता उडायला लागतो. आतला हिशेब असा: प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण 50 ते 250 भाग टिकतो आणि सेकंदाला 2 पासून 100 किंवा 150 पर्यंत ठोके देता येतात. प्रवाह काही दहा मिलिअँपिअरच्या घरातला असतो, आणि तोही एका गादीतून शिरून शेजारच्या गादीतून बाहेर पडतो. हृदयाकडे वळसा घालण्याचं त्याला कारण नसतं. खांबावरची वीज 230 व्होल्टची. ती एकदा धरली की सोडत नाही, आणि हातातून शिरून पायातून निघताना वाटेत जे लागेल ते घेऊन जाते. रात्रीच्या पाळीत ओल्या पायाने मोटारीचं बटण दाबणाऱ्याला हा फरक सांगायला नको. धुऱ्याच्या तारेत झटका मशीनऐवजी थेट खांबावरची वीज सोडणारेही काही महाभाग असतात. त्यात डुकराआधी माणूस मरतो आणि पोलिसांत गुन्हा दाखल होतो. कमरेच्या बाबतीत असा जुगाड करण्याचा विचार ज्याच्या मनात येईल त्याने हा लेख इथेच सोडावा आणि कंबर दुखू द्यावी.

झटक्याने डुक्कर का पळतं हे कळायला शास्त्र लागत नाही. मुंग्यांनी दुखणं का पळतं हे कळायला मात्र 1965 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी रोनाल्ड मेलझॅक हा कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा इंग्रज चेतासंशोधक या दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक सिद्धांत मांडला. दुखण्याची वर्दी बारीक तंतूंवरून पाठीच्या कण्यात येते, स्पर्शाची आणि दाबाची वर्दी जाड तंतूंवरून येते, आणि कण्यात शिरताना दोघींना एकाच फाटकातून जावं लागतं. जाड तंतूंची गर्दी झाली की फाटक लागतं आणि बारीक तंतूंवरची वर्दी बाहेर खोळंबते. शकुंतला रेल्वेच्या काळात कारंजा-दारव्ह्याकडे फाटकाशी बैलगाडी उभी करून बसलेल्यांना हे एका वाक्यात कळलं असतं. फाटकाला वरूनही कुलूप लागतं हे त्याच सिद्धांतात आहे, म्हणजे मेंदूला वाटलं तर तोही वर्दी अडवतो. रामनवमीला पोहरादेवीच्या वाटेवर चैत्राच्या उन्हात चालणाऱ्या भाविकाच्या तळपायाला फोड येतात आणि तो जयजयकार करत चालत राहतो. तेवढेच फोड आपल्याच शेतात डवरणी करताना आले असते तर त्याने औत सोडून दिलं असतं. पाय तेच आणि कातडंही तेच, फाटक तेवढं वेगळं लागलं.

आणि खरं तर आपल्या गावांनी हा सिद्धांत मेलझॅक-वॉलच्या कितीतरी आधी वापरात आणला होता. फक्त 'सायन्स'कडे पाठवला नाही. पाठीत उसण भरली की जो पायाळू जन्मलेला असेल त्याला शोधून आणायचं आणि त्याचा पाय पाठीवरून फिरवून घ्यायचा, हलकी लाथ मारली तरी चालते. पायाळू माणूस उपलब्ध असणं ही गावाची आरोग्यसुविधा होती, आणि आजही कुठे कुठे आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून त्या पायात काही गुण उतरतो हे मानण्याचं कारण नाही. पण दुखऱ्या स्नायूवर रुंद, दाबाचा, हलता स्पर्श पडला की जाड तंतू कामाला लागतात आणि घटकाभर उसण सैल पडते, यात चमत्कार काहीच नाही. डोक्याने जन्मलेल्या माणसाचा पायही तेवढंच काम करील, फक्त त्याची लाथ खाऊन कुणी आभार मानणार नाही. दार लागून बोट चेमटलं की आपण ते दुसऱ्या मुठीत घट्ट धरतो, लेकरू पडलं की आई फुंकर घालून चोळते, गुडघ्याला बाम लावून चरचर होऊ देतात, हे सगळं याच खात्यातलं. चटका देऊन, डागून दुखणं घालवणं हेही याच खात्यातलं. पण मेळघाटात तान्ह्या लेकराच्या पोटावर तापल्या सळईने डंबा देतात तो प्रकार सांगतो की खातं एक असलं तरी प्रत्येक अधिकारी सज्जन नसतो. टेन्सचा मोठा गुण इथे दिसतो. पायाळूचा पाय दमतो, बामाने कातडी जळते, डागाचा व्रण जन्मभर राहतो. डबा तेच काम न दमता, व्रण न ठेवता करतो आणि पाठीवर कोण उभं आहे याची लाज वाटू देत नाही.

सिद्धांत कागदावर ठेवून वॉल थांबला नाही. वॉल आणि विल्यम स्वीट हा मेंदूचा शल्यविशारद यांनी चेहऱ्यातल्या नसेला करंट देऊन काय होतं हे आधी स्वतःवर करून पाहिलं, जी सभ्यता आजकाल औषध विकणाऱ्यांत क्वचित आढळते. मग अनेक वर्षं दुखण्याने गांजलेल्या आठ जणांवर प्रयोग केला. सेकंदाला 100 ठोके, मुंग्या येईपर्यंत वाढवलेले. करंट चालू असेपर्यंत ज्या जागेला हात लावू देत नव्हते तिथे दाबलं तरी दुखेना. चार जणांना तर दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आराम राहिला. हा निबंध 1967 साली छापून आला आणि माणसाच्या वेदनेचा 'तात्पुरता' नायनाट, असं त्याच्या मथळ्यातच होतं. यंत्राच्या बापाने पहिल्याच दिवशी दारावर पाटी लावली होती. ती न वाचता आत शिरून नंतर फसवणुकीची तक्रार करणं हे काही बरोबर नाही. त्याच सुमाराला नॉर्मन शीली हा अमेरिकन शल्यविशारद पाठीच्या कण्यापाशी करंटची तार बसवण्याची शस्त्रक्रिया करू लागला होता. कुणाला ती तार मानवेल हे आधी पाहावं म्हणून कातडीवरून करंट देऊन चाचणी घेत. काही पेशंट चाचणीतच म्हणाले, आम्हाला हेच पुरे, चिरफाड राहू द्या. चाचणीचं यंत्र अशा रीतीने उपचाराचं यंत्र झालं.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात जुना आक्षेप असा की हा सगळा मनाचा खेळ आहे. तो इतका जुना आहे की त्याला खुद्द बेंजामिन फ्रँकलिन साक्षीदार आहे. त्याच्याआधी रोमन काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या वैद्याने गाऊटच्या रोग्याला ओल्या समुद्रकिनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर उभं करण्याचा उपाय लिहून ठेवला होता. हा मासा अंगातून वीज सोडतो. पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तो रोग्याने उभं राहायचं, आणि माशाचं मत कुणी विचारायचं नाही. वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही आणि अडाण-अरुणावतीतल्या मरळ-झिंग्यांना ही विद्या अवगत नाही, म्हणून आपल्याकडे तो उपाय रुजला नाही. पुढे अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली आणि लकव्याचे रोगी दुरून दुरून फ्रँकलिनकडे झटका घ्यायला येऊ लागले. त्यांना पहिले काही दिवस बरं वाटे, मग थांबे, मग जैसे थे. फ्रँकलिनने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की टिकाऊ फायदा काही दिसला नाही, आणि जो थोडा दिसला तो रोज चालत येण्याच्या व्यायामाचा आणि आशेने आलेल्या उभारीचाही असू शकेल. तांड्यावरून काळीपिवळीत कोंबून घेऊन तालुक्याला जाणं, तासभर बाकावर बसून इतर चार कमरांची हकीकत ऐकणं आणि परतताना बाजार करणं यातही औषधी गुण आहेत, हे मान्यच केलं पाहिजे. विक्रेत्यांनी मात्र फ्रँकलिनचा प्रामाणिकपणा घेतला नाही, बरणी तेवढी घेतली. 1919 साली अमेरिकेत पेटंट मिळालेलं इलेक्ट्रीट नावाचं एक यंत्र आजच्या टेन्सचा आजोबाच होतं. त्याच्या जाहिरातीत मात्र इतके रोग बरे होत होते की शेवटी सरकारने त्याला कोर्टात उभं केलं.

मनाचा खेळ ओळखायचा कसा? रीत सोपी आहे: अर्ध्या लोकांना खरा करंट द्यायचा, अर्ध्यांना नुसता दिवा लागणारा डबा. 1990 साली रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या 145 रोग्यांवर हेच केलं. महिन्याअखेर खऱ्या आणि खोट्या डब्यात फरक निघाला नाही. टेन्सच्या विरोधकांचा हा हुकमी एक्का. पण त्याच अभ्यासातला दुसरा निकाल ते सांगत नाहीत. ज्यांना व्यायाम दिला होता त्यांना फायदा झाला, आणि दोन महिन्यांनी पाहिलं तर बहुतेकांनी व्यायाम सोडलेला होता आणि फायदाही गेलेला होता. म्हणजे न वापरता टिकणारा उपाय त्या खोलीत कुणाकडेच नव्हता, पण त्यासाठी व्यायामाला भोंदू ठरवणारा अजून कुणी भेटलेला नाही. दुसरी अडचण खोट्या डब्याची. गोळी साखरेची आहे की औषधाची हे जिभेला कळत नाही, पण मुंग्या येतात की नाही हे अडाणी माणसालाही कळतं. म्हणून पुढच्या संशोधकांनी सुरुवातीला काही सेकंद करंट देऊन गुपचूप बंद पडणारे डबे केले. आपल्या भागात सुरुवातीला येऊन गुपचूप बंद पडणारी वीज कुणाला संशयास्पद वाटत नाही, त्यामुळे हा प्रयोग मानोऱ्यात फारच निर्दोष झाला असता. 2022 साली मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी टेन्सच्या 381 चाचण्या, मिळून 24,532 माणसं, एकत्र मांडली. निष्कर्ष असा की करंट चालू असताना आणि बंद केल्या केल्या खोट्या डब्यापेक्षा खऱ्या डब्याने दुखणं कमी असतं. पुराव्याची खात्री मध्यम, गंभीर अपाय आढळला नाही. मध्यम हा शब्द ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. सोयाबीनच्या भावाबद्दल इतकी खात्री कुणी दिली तर तालुका पेढे वाटील.

यावर शहाणा माणूस म्हणेल की मग मोठमोठ्या संस्था नको का म्हणतात? आक्षेप खरा आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शनात टेन्सच्या विरोधात कौल दिला. कॉक्रेन या संस्थेच्या 2019 च्या आढाव्याने जुनाट दुखण्यावरचे अभ्यास इतके कच्चे आहेत की बरं-वाईट काहीच ठरवता येत नाही असं म्हटलं. या संस्थांशी भांडण नाही. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सरकारच्या पैशाने हे यंत्र वाटलं तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी कंबर सुधारलेली दिसेल का, असं त्या विचारतात. उत्तर बहुधा नाही असंच आहे, आणि ते ऐकून मेलझॅक, वॉल किंवा पायाळू यांपैकी कुणालाच धक्का बसणार नाही. मशीन बंद करून महिन्याने शेतात जाऊन डुकरं मोजली तर धुऱ्यावरचं मशीनही नापास होईल. माझा आक्षेप संस्थांच्या उत्तरावर नाही, ते उत्तर चुकीच्या प्रश्नाला चिकटवून "मशीनमध्ये काही दम नाही" असं सांगणाऱ्यांवर आहे. आणि त्याहून जास्त, "दहा बैठकांत मुळापासून बरं" अशी पाटी लावणाऱ्यांवर आहे. फसवणूक कुठे असेल तर त्या पाटीत असते, डब्यात नाही.

खरी गफलत डबा कधी लावायचा यात होते. आपल्याकडे रिवाज असा की रोगी खाटेवर पालथा पडतो, पंधरा-वीस मिनिटं करंट घेतो, झोप लागते, जरा बरं वाटतं, मग गाद्या सोडवतात आणि तो ऊठबस करत, गाडीचे हिसके खात घरी जातो. पालथं पडल्यावर कंबर तशीही फारशी दुखत नाही. म्हणजे दिवसा डुकरं झोपलेली असताना मशीन चालू ठेवायचं आणि अंधार पडला की बंद करून घरी न्यायचं, असा हा कारभार. दुखणं हालचालीत असतं. सोयाबीनच्या सोंगणीत विळा घेऊन बाई सकाळपासून अर्धी वाकलेली असते. कापूस वेचताना ओटी जसजशी भरत जाते तसतसं कमरेवरचं ओझं वाढत जातं आणि मजुरी किलोवर असल्यामुळे कंबर सरळ करायला घेतलेली प्रत्येक घटका पैशात कापली जाते. फायब्रोमायाल्जिया म्हणजे अंगभर दुखण्याच्या आजाराच्या 301 स्त्रियांवर अमेरिकेत झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायकांना यंत्र घरी दिलं आणि रोज दोन तास, कामं करताना लावायला सांगितलं. महिन्याने पाहिलं तर हालचाल करताना होणारं दुखणं खोट्या डब्यापेक्षा आणि काहीच न लावण्यापेक्षा स्पष्ट कमी निघालं. अमेरिकेतल्या घरकामाची आणि वेचणीची बरोबरी होत नाही हे उघड आहे. पण तत्त्व वेचणीच्याच कामाचं आहे: उठताना लावा, चालताना लावा, वाकताना लावा. आणि बटण फिरवताना भिऊ नका. नुसती गुदगुली झाली की लोक थांबतात. करंट जोरदार पण सोसेल असा हवा, दुखेल इतका नाही. कमी करंट देऊन झालेले कितीतरी प्रयोग याच कारणाने पडले, असं या विषयातले लोक सांगतात. तार सैल बांधली तर डुक्कर तिच्याखालून जाणारच.

दोन अडचणी मात्र यंत्राच्या नसून शरीराच्या आहेत आणि त्यातली एक मानोऱ्याच्या दृष्टीने गंभीर आहे. 1995 साली कॅनडात निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यात 200 मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेल्यावर टेन्सचा परिणाम बोथट झालेला दिसला. कॅफीन शरीरातल्या ज्या रसायनाला अडवतं तेच दुखणं दाबायच्या कामात मदतीला असतं, असा त्याचा खुलासा. एका कप चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन धरलं तर 200 चा आकडा चार ते सात कपांवर पडतो. बसस्टँडवर कट घेणारा माणूस म्हणेल की मी अर्धाच घेतो. पण अर्धा घेण्याची त्याची संख्या त्याने कधी मोजलेली नसते. पाहुणा आला म्हणून, पाहुणा गेला म्हणून, आणि आज कुणी आलंच नाही म्हणून. प्रयोग लहान आहे, त्यावर चहा सोडण्याचा सल्ला देणं धाडसाचं होईल आणि असा सल्ला देणारा कुठल्याही गावात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. करंट लावायच्या दिवशी चहाच्या फेऱ्या जरा कमी केल्या तर पुरे. दुसरी अडचण सवयीची. रोज तोच वेग, तोच जोर दिला तर चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर सरावतं आणि परिणाम घटतो, हे आधी उंदरांत आणि मग माणसांत दिसलं. बुजगावण्याला डुकरं कशी सरावतात हे पाहिलेल्याला यात नवल नाही. उपायही तोच, वेग बदलत राहायचा, सेकंदाला शंभरावरून चारवर, चारवरून शंभरावर, आणि जोर जरा वाढवत न्यायचा.

सगळ्यात वजनदार आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला विनोदाने उत्तर देता येत नाही. दुखणं ही शरीराची हाक आहे. ती दाबली तर माणूस आणखी वाकेल, आणखी ओझं उचलेल आणि मणक्याची वाट लावून घेईल. शिवाय ज्या कमरेला विश्रांती हवी तिला डबा देऊन कामावर पाठवणं हा मजुराच्या भल्याचा विचार की मालकाच्या? प्रश्न बिनतोड आहे, पण तो टेन्सलाच का विचारायचा? विश्रांती ही जिथे मजुरी बुडवून विकत घ्यायची वस्तू आहे तिथे दुखणं रोजच दाबलं जातं. सोंगणीच्या दिवसांत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि वर रंगीत सलाईन घेऊन माणसं दुसऱ्या दिवशी रानात उभी असतात. तेच औषध वारंवार घेतलं तर जठर सोलतं, किडनीवर बसतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांचा निर्वंश करायचा तेवढा बाकी ठेवला होता, म्हणून 2006 मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी आणली. टेन्सने आजवर एकाही गिधाडाचा जीव घेतलेला नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली जावी. हाक दाबायचीच असेल तर बटण मागे फिरवताच जी पुन्हा ऐकू येते अशी दाबणं बरं. पण कारण न कळलेल्या दुखण्यावर डबा लावायचा नाही. छातीतून डाव्या हाताकडे जाणारी कळ, पायातली शक्ती गेलेली, लघवी अडकलेली, दुखण्याबरोबर ताप किंवा घटत जाणारं वजन, यांवर करंट लावणारा माणूस डुकराऐवजी वाघाला तार दाखवतो आहे. छातीत पेसमेकर असेल तर यंत्राला हात लावायचा नाही. गळ्याच्या पुढच्या भागावर, गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर, जखमेवर, बधिर कातडीवर गाद्या चिकटवायच्या नाहीत. फिट येणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. डॉक्टर म्हणजे ज्याने दुखण्याचं कारण आधी शोधलं तो, ज्याच्याकडे मशीन आहे तो नव्हे.

राहता राहिला खर्चाचा आणि लाजेचा प्रश्न. धुऱ्यावरच्या मशीनपेक्षा कमरेचं स्वस्त पडतं. तरी घरात डुकरासाठी पैसे निघतात आणि कमरेसाठी निघत नाहीत, विशेषतः कंबर घरच्या बाईची असली तर. तिच्या दुखण्यावरचा ठरलेला सल्ला "जरा आडवी हो" असा असतो आणि तो देणारा सहसा स्वतः आधीच आडवा झालेला असतो. वस्तुतः यंत्राची बांधणी पाहिली तर ती वेचणीवालीसाठीच केल्यासारखी आहे: डबा लुगड्याच्या ओच्यात राहतो, वायरी पोलक्याखालून जातात, दोन्ही हात मोकळे. अडचण घामाची आहे, दुपारनंतर गाद्या सुटतात आणि दर वेळी कातडी पुसून लावाव्या लागतात. गाद्या महिनाभरात चिकटपणा टाकतात, नव्या लवकर मिळत नाहीत, मग कुणी पट्टी गुंडाळतं, कुणी पाण्याचा हात लावून आणखी आठवडा काढतं. बचत गटाच्या बायकांनी शिलाई मशीन आणि पापड मशीन जसं मिळून घेतलं तसं हेही घ्यायला हरकत नाही. डबा एक, गाद्या प्रत्येकीच्या आपापल्या. फक्त ज्या डब्याला टीव्हीच्या रिमोटचेच सेल लागतात तो घेऊ नये. क्रिकेटच्या दिवसांत त्या घरात कुणाच्या कमरेला आराम पडणार नाही.